पायाला कसा लागतो ते सांग

बाईंच्या घरी राहायला गेले त्याच आठवड्यात मी कप ठेवायला डिशवॉशर उघडला, तर वरच्या रॅकवर लोखंडाचे दोन जाडजूड पंजे पालथे घातलेले. शेजारी माझा दुधाचा ग्लास. सगळं एकत्र धुऊन निघालं होतं आणि सारखंच चमकत होतं. मी दार हळूच लावून टाकलं, जणू कोणाच्या तरी बेडरूममध्ये चुकून शिरले होते.

"कॅलिपर आहेत ते. ब्रेकचे," मागून आवाज आला. "तुझ्या ग्लासाला काही झालेलं नाही. वास घेऊन बघ."

मी खरंच वास घेतला. साबणाचा होता.

"पण काकू..."

"तुझ्या कुठल्या काकाशी माझं लग्न झालंय?"

नागपूरला आमच्या कॉलनीत आईच्या वयाच्या पुढची प्रत्येक बाई काकू असते. हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. मग काय म्हणू, असं मी विचारलं.

"बाई म्हण. तेवढी मी नक्की आहे."

कॅनडात मिसिसागातलं ते घर असं वाटून घेतलेलं होतं: बेसमेंट माझं, स्वयंपाकघर दोघींचं आणि गराज फक्त बाईंचं. मी कॉलेजचा कोर्स संपवून एअरपोर्टजवळच्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत लागले होते आणि पीआरची, म्हणजे कायम राहायच्या परवान्याची, वाट बघत होते. भाडं वेळेवर द्यायचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात, असं मी ठरवून आले होते. माझ्या शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे. त्यामुळे मराठी ही माझ्यासाठी घरात, हळू आवाजात बोलायची भाषा होऊन बसली होती. इंग्रजीही मी हळूच बोलते. मोठ्याने बोलायची भाषा माझ्याकडे नव्हतीच.

बाई तेव्हा एकोणऐंशीच्या होत्या. घरात निळा बॉयलर सूट, बाहेर जाताना कडक इस्त्रीची साडी. पर्समध्ये इतर बायकांची लिपस्टिक असते त्या कप्प्यात त्यांचा एक छोटा पाना असायचा. आयुष्यभर त्यांनी बस डेपोत ब्रेकच्या विभागात काम केलं होतं. नवऱ्याबद्दल एवढंच सांगायच्या, "होता. चांगला होता. आता नाही." मंगळसूत्राची सोन्याची साखळी मात्र गळ्यात होती. तिच्यात वाट्या आणि मणी नव्हते, गाडीची किल्ली होती.

एकदा कोणाच्या तरी कॉन्डोमध्ये हळदीकुंकवाला आम्ही दोघी गेलो होतो. तिथे एका ताईंनी ती किल्ली बोटांत धरून कौतुकाने विचारलं, "किती युनिक डिझाइन आहे. पुण्याहून मागवलं का?"

"इग्निशन आहे," बाई म्हणाल्या आणि तिळगूळ तोंडात टाकला.

मी माझ्या वाणाच्या प्लास्टिकच्या डब्याकडे बघत बसले. बाईंबरोबर कुठेही गेलं की मला हा असा अंग चोरून बसायचा प्रसंग यायचाच.

ती किल्ली ज्या गाडीची होती, तिची गोष्ट त्यांनी मला हातात सँडपेपर देऊन सांगितली. डेपोत एक इटालियन मेकॅनिक होता, डोंगरातल्या गावचा. बाई त्याच्या हाताखाली शिकल्या. तिथे सगळे त्यांना लेडी म्हणायचे. डबा खाताना तो रोज म्हणायचा, "लेडी, या सपाट देशात ब्रेक म्हणजे काय ते तुला कधीच कळणार नाही. इथे ब्रेक सिग्नलसाठी असतो. आमचा घाट उतरायला लागलं की कळतं, कोणी काम केलंय आणि कोणी नुसता पगार घेतलाय." निवृत्त होताना त्याने त्यांना आपली जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार विकली. गडद हिरवी, दोनच सीटची, कापडी टप मागे दुमडणारी, सायकलसारख्या तारांची चाकं. विकताना त्याने तिचे ब्रेक काढून घेतले होते.

"मुद्दाम," बाई म्हणाल्या. "बघू या म्हणाला."

तो पुढे वारला. बाईंनी इंजिन केलं, टप शिवला, गंज खरवडला. ब्रेक मात्र सगळ्यात शेवटी, स्वतःच्या हाताने. त्यांचं एकच म्हणणं होतं: त्याच्या गावावरचा घाट, त्यांनी बनवलेल्या ब्रेकवर, त्यांनी स्वतः उतरायचा. आणि ते त्या वर्षीच्या उन्हाळ्यात व्हायला हवं होतं. ऑक्टोबरमध्ये त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती, आणि आमच्या प्रांतात ऐंशीला लायसन्ससाठी डोळे तपासून, वर्गात बसून नवी परवानगी घ्यावी लागते.

त्यांचा मुलगा व्हँकुव्हरला. पन्नाशीचा, मृदू स्वभावाचा माणूस, इथेच वाढलेला. मराठी बोलायचा, पण पायऱ्या मोजत उतरल्यासारखं. मी राहायला आल्यावर त्याचा मला फोन आला.

"लिसन, तू आईच्या जवळ आहेस. जरा लक्ष ठेवशील? तिने रोजची गाडी विकली, दॅट्स गुड. पण ती गराजमधली... मला ती किल्ली हवी आहे. तिने इकडे यावं, आमच्याकडे राहावं. ती काही स्टुपिड करायला लागली तर जस्ट टेक्स्ट मी."

मी हो म्हणाले. मी कोणालाही हो म्हणते, नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं. बाईंना हे कळायला दोन मिनिटं लागली.

"माझ्यावर पाळत ठेवायला सांगितलं ना त्याने?"

मी ओट्यावरचे कप पुसायला घेतले.

"ठेव. नीट ठेव. तुझं लक्ष चांगलं आहे, आवाज तेवढा नाही."

माझं लक्ष चांगलं आहे, हे मला त्यांच्या आधीपासून माहीत होतं. न बोलणाऱ्या माणसांकडे तेवढंच असतं. त्यांचं सगळं मी पाहत होते. त्या कुठेही बसने जायच्या आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला की डोळे मिटून ऐकायच्या. एका दुपारी उकळत्या चहाचं पातेलं कलंडलं आणि चहा सरळ त्यांच्या उजव्या पावलावर गेला. त्या माझ्याशी विंटर टायर्सबद्दल बोलत होत्या, आणि वाक्य पूर्ण करून मगच खाली बघितलं. पाऊल लालभडक झालं होतं. मी फडकं भिजवायला नळाकडे धावले, त्या शांत. एकदा संध्याकाळी बूट काढताना त्यातून एक नट पडला, तो दिवसभर टाचेखाली होता. मला वाटलं, ही जुनी माणसं कसल्या मातीची असतात.

पाहणं आणि कळणं यात केवढं अंतर असतं, ते मला अजून कळायचं होतं.

ब्रेकचं काम एकट्याने होत नाही. नळ्यांमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकापाशी झोपून एक बारीकसा नट उघडायचा, म्हणजे तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. नट बंद व्हायच्या आत पेडल सोडलं तर हवा परत आत शिरते. म्हणून दोघांनी एकमेकांना ओरडून सांगायचं असतं. माझी जागा पेडलवर ठरली.

"दाब," गाडीखालून बाई म्हणायच्या.

"दाबलं," मी म्हणायचे.

"ऐकू आलं नाही."

"दाबलं."

"मुली, मी लोखंडाखाली आहे. तू देवळात आहेस का?"

"दाबलं!" मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी मराठीत याआधी काही बोलले होते असं मला आठवत नाही. समोरच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

"आता सोड."

"सोडलं!"

प्रत्येक चाक झालं की त्या खालून विचारायच्या, "पायाला कसा लागतो?"

"बरा आहे."

"बरा म्हणजे? माणूस आहे का तो?"

"स्पंजी."

"हे यूट्यूबवरचं झालं. तुझ्या पायाला काय वाटलं ते सांग. पायाखाली काय आलं?"

मी विचार केला. "रव्यात पाय घातल्यासारखं."

गाडीखालून समाधानाचा हुंकार. "हवा आहे अजून. दाब."

असे आमचे रविवार जायचे. ब्रेक कधी ओल्या कणकेसारखा असायचा, कधी पिकलेल्या पेरूसारखा. माझ्याजवळचे सगळे चांगले मराठी शब्द स्वयंपाकघरातले होते, आणि बाईंना तेच हवे होते. शेवटी एका रविवारी मी म्हणाले, "कच्चा पेरू. दात लागेल, पण बसणार नाही." बाई गाडीखालून बाहेर आल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "झाला."

त्या स्वतः पेडलवर कधीच बसल्या नाहीत. मला वाटायचं, मला शिकवताहेत.

गियरची गाडीही त्यांनीच मला शिकवली, माझ्या ऑफिसच्या सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये. आणि मग एकदा भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "जुलैत रजा टाक. तू येतेस."

मला धक्का बसला, पण मी हो म्हणाले.

गाडी जहाजावर चढवायला न्यायच्या आदल्या दिवशी माझी आई व्हिडिओ कॉलवर होती. "गाडी परदेशात निघाली आणि साधं कुंकू नाही लावलं?"

"आई, गाडी जुनी आहे."

"मग तर लावायलाच हवं. बॉनेटला लाव, चारी चाकांना लाव. आणि आधी बोट तेलात बुडव, नाहीतर टिकत नाही."

मी खोबरेल घेतलं. स्वस्तिक काढलं, चाकांच्या मधोमध ठसठशीत टिळे लावले. जरा जास्तच तेल झालं. बाई गराजमध्ये आल्या, चाकापाशी वाकल्या आणि तशाच राहिल्या.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"कुंकवाखाली?"

"तेल. खोबरेल."

तारांच्या चाकातून तेलाचा एक ओघळ मागच्या चकचकीत ब्रेकच्या चकतीवर उतरला होता. बाईंचा चेहरा पांढरा पडला. "ब्रेकला तेल," त्या कोणी गेल्याची बातमी सांगावी तशा म्हणाल्या. मग माझ्या हातातून फोन घेऊन, "ताई, तुमच्या आशीर्वादाने आम्ही थेट दरीत पोहोचलो असतो."

तिकडे आई घाबरून उभीच राहिली. "अगंबाई. मग कुंकू लावायचं तरी कुठे?"

बाईंनी प्रश्न मनावर घेतला. "बघते. योग्य जागा सापडली की लावीन."

चाकं काढली, सगळं पुसलं, घासलं. आईने ती कुंकवाची डबी सामानात टाकायला लावलीच.

बेल्जियमच्या बंदरात आम्ही गाडी उतरवून घेतली. बाईंनी नियम सांगितला, "सपाट रस्ता कोणीही चालवतं, तो तू चालव. मला डोंगर लागला की उठव." मी ट्रकांच्या रांगेत जीव मुठीत धरून चालवत होते आणि त्या शेजारी बॉयलर सूटमध्ये, डोक्याला रुमाल बांधून झोपल्या होत्या. पाऊस भुरभुरला तरी टप लावू द्यायच्या नाहीत. "टप लावला की इंजिन ऐकू येत नाही," म्हणायच्या.

त्या इटालियन माणसाच्या गावाचा घाट स्वित्झर्लंडच्या बाजूने चढायचा आणि इटलीत उतरायचा होता. पायथ्याशी एका चीजच्या दुकानासमोर त्यांनी मला उठवलं आणि स्टिअरिंगवर बसल्या. साखळीसकट किल्ली फिरवली. साखळी खाली लोंबत राहिली आणि प्रत्येक वळणावर हलत राहिली.

त्या चढाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही. एकोणऐंशी वर्षांची ती बाई अशी गाडी चालवत होती, जणू रस्ता तिनेच आखला होता. वळण आलं की आधी कान तिरका व्हायचा, मग गियर. डावा हात स्टिअरिंगवर, उजवा सारखा हँडब्रेकवर. मी वाऱ्यात ओरडून वळणं सांगत होते, "डावं! बारीक आहे! समोर सायकलवाले!" आणि त्या हसत होत्या. पाइनची झाडं संपली, मग गवत संपलं, मग नुसता दगड आणि सावलीत जुना बर्फ. मागे एक मोठी कॅम्पर व्हॅन हॉर्न वाजवत होती. बाईंनी हात वर करून तिला नमस्कार केला.

माथ्यावर एक कॉफीचं दुकान होतं. बाईंनी गाडी कडेला लावली, इंजिन बंद केलं, किल्ली साखळीसकट काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"चढ माझा. उतार तुझा."

मला आधी वाटलं, थकल्या असतील. मी म्हणाले, "पण बाई, उतरायलाच तर आलोय ना आपण? तुमचे ब्रेक."

"हो. म्हणून तर तू उतरवायचा. मला तो कळणार नाही."

मग त्यांनी सांगितलं. शुगर जुनी होती. उजवं पाऊल हिवाळ्यातच बधिर होत आलं होतं, डॉक्टरने मार्चमध्ये सुई टोचून पाहिलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि टोचून झाल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. डाव्यात थोडं शिल्लक होतं. रोजची गाडी त्यांनी शंका आली त्याच आठवड्यात विकून टाकली होती.

चहाचं पातेलं. बुटातला नट. पेडलवर नेहमी मी. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं होतं, आणि लक्ष ठेवायला नेमलेली मीच होते.

"म्हणजे आत्ता वर येताना..."

"चढावर ब्रेक कशाला लागतो? गॅस सोडला की गाडी थांबते. गॅस मी कानाने देते."

"आणि समोरून कोणी आलं असतं तर?"

"आलं होतं. दोनदा. हँडब्रेक हाताचा असतो. हात माझे चांगले आहेत."

मला एवढा राग आला की मला भाषाच सुचेना, कुठलीच. मी उठून दगडी कठड्यावर जाऊन बसले. खाली इटलीचा रस्ता एखाद्याने दोरा फेकून द्यावा तसा पडला होता. मी मोबाइल काढला आणि त्यांच्या मुलाला इंग्रजीत टाइप केलं: तिला उजव्या पायात काहीही जाणवत नाही. ती आत्ता घाट चढवून आली. माझं बोट सेंडवर होतं.

बाई कॉफीचे दोन कप घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. स्क्रीनकडे बघितलं.

"बरोबर लिहिलंयस. पाठव. पण खाली उतरल्यावर पाठव. तिकडे तो झोपला असेल, उगाच दचकून उठेल."

"तुम्ही मला सांगायला हवं होतं," मी म्हणाले. आवाज चढला होता.

"हो."

"मी आलेच नसते."

"म्हणून नाही सांगितलं. चूक आहे ती. रागव." त्यांनी कॉफी प्यायली. "मला एकदाच कोणी तरी या उतारावर बसून सांगायला हवं होतं, माझा ब्रेक कसा आहे ते. खरं सांगणारं. आणि कसं सांगायचं ते येणारं. अशी तू एकच आहेस. पण नको वाटलं तर ट्रकवाल्याला बोलावू, गाडी तो नेईल. मी खरंच सांगते, मला चालेल."

त्यांना चाललं नसतं. किल्ली काढून दिल्यापासून त्यांचा हात गळ्यापाशी जाऊन परत येत होता. ते माझ्या लक्षात आलं, आणि या वेळी कळलंही.

मी गाडीकडे गेले. दार उघडून बसणार, तोच बाई माझ्यासमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या. सावकाश, एका हाताने दाराला धरून. दुसऱ्या हातात आईची कुंकवाची डबी. त्यांनी माझा उजवा बूट काढला, मोजा काढला.

मी पाय झटकन मागे घेतला. आजीच्या वयाची बाई माझ्या पायाशी बसली होती आणि पायाला हात लावत होती. मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढा धक्का बसला नसता.

"बाई, उठा. प्लीज. असं नका करू."

"पाय पुढे कर. तुझ्या आईला शब्द दिलाय मी."

त्यांनी माझ्या पावलावर कुंकवाचं बोट टेकवलं, कोरडं. मग मोजा घातला, बूट घातला, नाडी ओढून बांधली. उठताना त्यांना मी हात दिला. कॉफीच्या दुकानातले लोक आमच्याकडे बघत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पहिलं वळण आलं. मी ब्रेक दाबला.

"पायाला कसा लागतो?" बाईंनी विचारलं.

"चांगला."

"ऐकू आलं नाही. आणि चांगला म्हणजे काय?"

"कच्चा पेरू!" मी ओरडले.

वळणांमागून वळणं. कठड्याच्या पलीकडे काही नव्हतं. मी दाबत होते, सांगत होते. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, उजवं पाऊल समोरच्या रिकाम्या जागेत दाबत, जिथे पेडल नव्हतं. अर्ध्या घाटात मला काहीतरी वेगळं लागलं. मी आणखी दाबलं.

"बाई, पेरू पिकतोय."

त्यांचे डोळे उघडले. "किती?"

"खालपर्यंत नाही. पण मऊ. मऊ होत चाललाय!"

"तापलाय. घाबरू नकोस. दुसऱ्या गियरमध्ये टाक. टाकलं?"

"टाकलं!"

"आता पाय काढ. पूर्ण काढ. इंजिन धरून ठेवेल, ब्रेकला जरा श्वास घेऊ दे."

त्या उतारावर ब्रेकवरून पाय काढणं ही मी आयुष्यात केलेली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. इंजिन ओरडायला लागलं. बाई हँडब्रेकवर हात ठेवून तयार. मागचा मोटरसायकलवाला शिव्या देत ओलांडून गेला. एक वळण, दुसरं वळण, मग एक लांब सरळ पट्टा.

"आता दाब. कसा?"

मी दाबला. "कच्चा. परत कच्चा झाला!"

मी क्षणभर बाईंकडे बघितलं, त्यांचे गाल ओले होते आणि वारा ते पाणी कानांकडे ओढत होता.

खाली गावातल्या चौकात मी गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. बाई उतरल्या, चाकापाशी वाकल्या, तारांमधून तळहात आत नेऊन ब्रेकजवळ धरला, स्वयंपाकी तवा बघतो तसा. नाकाने वास घेतला. मग वर डोंगराकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "नुसता पगार घेतला नव्हता, बघ."

मग हात पुढे केला. मी किल्ली काढायला लागले.

"किल्ली नको. मोबाइल."

मी दिला. माझा मेसेज अजून तिथेच होता. त्यांनी तो सावकाश वाचला आणि काळ्या झालेल्या बोटाने सेंड दाबलं. त्यांनी मोबाइल बॉयलर सूटला पुसून मला परत दिला.

"उद्यापासून चढही तुझा."

तिकडे सकाळ झाली होती बहुतेक, कारण फोन लगेच वाजला. मी तो त्यांच्या हातात दिला. "हो," बाई म्हणाल्या. "हो, खरं आहे. हो, मूर्खपणा." बराच वेळ ऐकलं. मग म्हणाल्या, "पण ब्रेक चांगले आहेत."

उरलेले घाट मी चालवले. बाई शेजारी बसून विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. चढ आला की त्या इंजिनकडे कान देऊन गप्प बसायच्या, आणि तेव्हा मीही काही बोलत नसे.

परत आल्यावर, ऐंशी व्हायची वाट न बघता, बाई इस्त्रीची साडी नेसून बसने गेल्या आणि लायसन्स काउंटरवर ठेवून आल्या. तिथल्या मुलीने खात्री आहे का विचारलं, तर म्हणाल्या, "मार्चपासून." पुढे घर विकलं, मुलाकडे गेल्या. गाडी ट्रेलरवर त्यांच्या मागून गेली. किल्ली त्यांनी मुलाला दिली. साखळी स्वतःकडे ठेवली. आता तिच्यात तो छोटा पाना असतो म्हणे.

मी आता दुसऱ्या बेसमेंटमध्ये राहते. माझी एक राखाडी, शहाणी ऑटोमॅटिक गाडी आहे, तिच्या ब्रेकबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

मागच्या महिन्यात ऑफिसच्या लंचरूममध्ये डबा उघडला आणि फोन आला. आधी नुसता वारा ऐकू आला. टप उघडा होता.

"याला काही कळत नाही," बाई ओरडून बोलत होत्या. "डोंगरात आणलंय याला मी. विचारते, कसा लागतो, तर म्हणतो फाइन. फाइन म्हणजे काय? आता तू सांग, कसं सांगायचं असतं ते. स्पीकरवर टाकलंय."

"हाय," त्यांचा मुलगा म्हणाला. "आय डोन्ट हॅव द वर्ड्स. मला मराठीत नाही येत गं हे."

लंचरूममध्ये सगळे होते. मी उभी राहिले. "दादा, मोठे शब्द नकोत," मी म्हणाले. "पायाखाली काय आल्यासारखं वाटतं, तेवढं सांगा. खाण्याची वस्तू चालेल."

वारा. गियर बदलल्याचा आवाज. मग तो म्हणाला, "इडली. इडलीवर पाय दिल्यासारखं."

"हवा शिरलीय," बाई ताडकन म्हणाल्या. "बाजूला घे. हँडब्रेक ओढ. ओढलास? आता बसून राहा, मी खाली जाते."

"आई, यू आर एटी वन."

"तेल डिकीत आहे. पाना गळ्यात आहे. तू पेडलवर."

फोन कोणी बंद केला नाही, बहुधा सीटवर पडून राहिला होता. दार उघडल्याचा आवाज आला, मग खडी, मग बराच वेळ काही नाही. माझा डबा गार झाला. मग लांबून, खालून, लोखंडाच्या आडून बाईंचा आवाज आला.

"दाब."

"ओके."

"ओके नाही. काय म्हणायचं असतं?"

मला राहवेना.

"दाबलं म्हणा, दादा," मी मोठ्याने म्हणाले. लंचरूममधली सगळी डोकी माझ्याकडे वळली.

"दाबलं," तो पुटपुटला.

"ऐकू आलं नाही," बाई म्हणाल्या.

आणि मग, तिथल्या कुठल्याशा डोंगराच्या कडेला, पन्नाशीचा तो मृदू माणूस घसा फोडून ओरडला, "दाबलं!"